यूसी गेलं का?



पोस्ट मोठी आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करा, रात्री वाचा. बाळकुम नाक्याचा ट्रॅफिक, मेट्रोचे खांब, कशेळीकडे जाताना लागणारी रांग हे आपले नेहमीचे विषय. आजचा विषय कागदांचा आहे. कोरडा वाटेल. पण या कागदांच्या पलीकडे आपल्याच चाळीतल्या, आपल्याच सोसायटीतल्या बायका आणि लेकरं आहेत, म्हणून लिहितोय.

मार्च महिना आला की सरकारी कचेऱ्यांत एक वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर पडतं. "यूसी गेलं का?" यूसी म्हणजे युटिलायझेशन सर्टिफिकेट, शासकीय मराठीत उपयोगिता प्रमाणपत्र. सरकारने एखाद्या कामासाठी अनुदान दिलं की ते त्याच कामाला लावलं असं लिहून द्यायचं. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत याचे नमुने ठरलेले आहेत. संस्थेने भरायचा तो १२-ए, राज्य सरकारने भरायचा तो १२-सी. आधीची शिल्लक किती, या वर्षी आले किती, व्याज किती, खर्च किती, उरले किती. खाली छापील मजकूर : वह्या नीट ठेवल्या आहेत, नियम पाळले आहेत, ज्यांच्यासाठी योजना आहे त्यांच्यापर्यंत लाभ पोचला आहे. सही, शिक्का, तारीख. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत ते गेलं पाहिजे. नाही गेलं तर पुढचा हप्ता अडकतो.

गुन्ह्याला बळी पडलेल्या माणसासाठी सरकार जो पैसा देतं, तोही याच वाटेने येतो आणि याच वाटेने त्याचा हिशेब जातो. २०१२ च्या डिसेंबरात दिल्लीत ती घटना घडली. पुढच्याच बजेटमध्ये पी. चिदंबरम यांनी हजार कोटींचा निर्भया निधी जाहीर केला. त्यातून पुढे १८१ ही हेल्पलाइन आली, २०१५ पासून वन स्टॉप सेंटर आली, ज्यांना आपण सखी केंद्र म्हणतो. पीडितांच्या भरपाईसाठी राज्यांना एकदाच २०० कोटी मिळाले. महाराष्ट्राने स्वतःची मनोधैर्य योजना २ ऑक्टोबर २०१३ पासून लागू केली. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार, ॲसिड हल्ला अशा गुन्ह्यांत मदत. सुरुवातीला रक्कम दोन लाख, विशेष प्रकरणात तीन. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या मंडळाकडे होता. २०१७ मध्ये मुंबई हायकोर्टाने सरकारला चांगलंच सुनावलं. शेजारी गोव्यात दहा लाखांपर्यंत देतात, मग आपल्याकडे का नाही, आणि ही काही खैरात नाही, असा त्या सुनावण्यांचा सूर होता. त्यानंतर योजना बदलली, मर्यादा दहा लाखांपर्यंत गेली, आणि मंजुरीचं काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आलं. म्हणजे पैसा महिला व बाल विकास विभागाचा, निर्णय विधी सेवेचा, गुन्ह्याची माहिती पोलिसांकडून, आणि शेवटी बँक. चार टेबलं. प्रत्येक टेबलाचा आपापला अहवाल, आपापल्या वरच्या साहेबाला.

आता कोणी म्हणेल, पत्रकार लोकांना अहवालाचं काय वावडं? अजिबात नाही. मी वीसेक वर्षं ठाणे-कल्याण पट्ट्यात बातमीदारी करतोय. कागदावरच्या संस्था, कागदावरची शिबिरं, कागदावरच्या लाभार्थी बायका, सगळं पाहिलंय. जनतेचा पैसा आहे, हिशेब घेतलाच पाहिजे आणि कडक घेतला पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण हिशेब कशाचा घेतो ते बघा. पैसे सुटले का, हे आपण पै-पै विचारतो. बाईच्या हातात पडले का, आणि पडले तर किती दिवसांनी, हा रकाना मात्र शोधावा लागतो.

एक उदाहरण आपल्या जवळचं. डिसेंबर २०२२ मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'ने बातमी दिली होती. मुंबई पोलिसांनी निर्भया निधीतून, सुमारे तीस कोटींत, २२० बोलेरो, ३५ अर्टिगा, ३१३ पल्सर आणि २०० ॲक्टिव्हा घेतल्या. महिलांवरच्या गुन्ह्यांसाठी म्हणून गाड्या पोलीस ठाण्यांना वाटल्या. पुढे त्यातल्या ४७ बोलेरो शिंदे गटाच्या आमदार-खासदारांच्या बंदोबस्ताला लावल्या, १७ परत आल्या आणि ३० आल्याच नाहीत, असं बातमीत होतं. ठाण्यात बसून हे लिहिताना कोण कोणत्या गटाचं हे सांगायची गरज नाही, आणि कृपा करून कमेंटमध्ये पक्षावरून भांडू नका. मुद्दा वेगळाच आहे. खरेदीच्या हिशेबाच्या नजरेतून बघा. गाड्या घेतल्या का? घेतल्या. कितीला? इतक्याला. खरेदी तिथेच पूर्ण होते. रात्री अकरा वाजता एखादी बाई घाबरून फोन करेल तेव्हा ती गाडी कुठे उभी असेल, हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

दुसरं उदाहरण लांबचं आहे, पण त्याचं एक टोक आपल्या देवनारला आहे. बिहारमध्ये मुझफ्फरपूरचं बालिकागृह. सरकारी अनुदानावर एक संस्था ते चालवत होती, सरकारी माणसांच्या भेटी-तपासण्याही होत होत्या. मग राज्य सरकारनेच सामाजिक अंकेक्षणाचं काम टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या 'कोशिश' या गटाला दिलं. या गटाची माणसं मुलींशी बोलली. २०१८ मध्ये त्यांचा अहवाल सरकारला गेला, आणि आत काय चाललं होतं ते देशाला कळलं. २०२० मध्ये दिल्लीच्या कोर्टाने मुख्य आरोपीला जन्मठेप दिली. वह्या-रजिस्टरं तपासणारे आधीही होते. मुलींना "तू कशी आहेस" असं विचारणारे पहिल्यांदा आले.

आता इथलं. ओळखीच्या एक ताई आहेत, एका संस्थेत समुपदेशक. संस्थेचं नाव लिहीत नाही, गाव लिहीत नाही. अत्याचार झालेल्या, घरात मार खाणाऱ्या बायका त्यांच्याकडे येतात. त्यांना म्हटलं, अहवालाचा त्रास होतो का हो? त्या हसल्या. म्हणाल्या, "दादा, बाई समोर रडत असते आणि माझ्या डोक्यात चालू असतं, हिला समुपदेशनात टाकू की कायदेशीर मदतीत. दोन्हीत टाकलं तर आकडा दोन होतो. बाई एकच आहे."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. एक बाई नवऱ्याच्या मारामुळे सहा वेळा त्यांच्याकडे आली आणि सहा वेळा परत गेली. पोरं, भाडं, सासू, माहेरचे लोक, कारणं तुम्हाला माहीत आहेत. सातव्यांदा आली ती दोन पोरं आणि एक पिशवी घेऊन, आणि मग परत गेली नाही. अहवालात ती पहिल्या वेळी 'नवीन प्रकरण' होती. नंतरच्या सहा वेळा ती कुठेच नव्हती, कारण नवीन नव्हती. "खरं काम तर तेव्हाच झालं ना," ताई म्हणाल्या. त्यांच्या महिन्यातले दोन-तीन दिवस तरी एक्सेल भरण्यात जातात. एकच माहिती तीन वेगवेगळ्या नमुन्यांत, तीन वेगळ्या ठिकाणी, आणि कुठे एक आकडा जुळला नाही की फोन. त्या तीन दिवसांत आलेल्या बायकांना "परवा या" असं सांगावं लागतं.

हे सगळीकडे असंच असतं का? नाही. अमेरिकेत १९८४ चा एक कायदा आहे, गुन्ह्याच्या बळींसाठीचा. त्याचा निधी मुख्यतः दोषी ठरलेल्यांकडून वसूल केलेल्या दंडातून जमतो. त्यातून अनुदान घेणाऱ्या संस्था दर तीन महिन्यांनी आकडे भरतात. एकूण किती जणांना सेवा दिली, त्यातले पहिल्यांदाच आलेले किती, आणि नाव न सांगता फोन केलेले किती, हे वेगवेगळं विचारतात. म्हणजे सातव्यांदा आलेली बाईही मोजली जाते आणि नाव न सांगता फोन ठेवून देणारीही. त्यांचं सगळं छान आहे असं म्हणत नाही, कागदपत्रांचा वैताग तिथल्या संस्थांनाही आहे. पण निदान ताईंच्या प्रश्नाला तिथे एक खण आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका आईशी ओळख झाली. कुठली, कधीची, काय झालं, यातलं काहीही लिहिणार नाही. एवढंच की मुलगी लहान, आई चार घरची धुणीभांडी करणारी. गुन्हा नोंदला गेला, मदत मंजूर झाली. मंजुरीचा कागद तिने प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाबरोबर ठेवला होता. त्या कागदाच्या तारखेला सरकारदरबारी तिचं काम झालं होतं.

तिच्याकडे शंभर पानी शाळेची वही होती. शेजारच्या एका शिकलेल्या बाईने सांगितलं म्हणून तिने लिहायला सुरुवात केली होती. तारीख, कुठे गेले, कोण भेटलं, काय म्हणाले, भाडं किती, खाडा झाला का. अक्षर मोठं, वळणं चुकलेली. "साहेब मिटिंगला." "आधारवर नाव वेगळं आहे." "मुलीचं खातं पाहिजे, माझं चालत नाही." "बँकेत म्हणाले पालक दोघे पाहिजेत." "उद्या या." "पत्र आलं नाही." "पत्र आलं, सही नाही." मी पानं मोजली. मंजुरीच्या आधी चार पानं होती. मंजुरीच्या नंतर अकरा.

या अकरा पानांना कोणत्याही सरकारी नमुन्यात जागा नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण, म्हणजे नालसा, दरवर्षी राज्यवार आकडे देतं, आणि देतं ही चांगली गोष्ट आहे. अर्ज किती आले, कोर्टाकडून किती आले, किती निकाली, किती बाकी, रक्कम किती मंजूर. त्या तक्त्यात मंजूर रक्कम कळते. मंजुरीपासून हातात पडेपर्यंत किती दिवस गेले हे कळत नाही. ती आई तिथे 'निकाली' या रकान्यात असणार. नियमाने अगदी बरोबर.

त्यात पैसे सगळे एकदम हातात येत नाहीत. मोठा भाग मुदत ठेवीत राहतो आणि थोडा भाग लगेच वापरता येतो. मुलीचं भविष्य म्हणून ते योग्यच आहे, माझा विरोध नाही. पण मग जो थोडा भाग लगेचचा आहे, तो लगेच मिळायला नको? दवाखाना, शाळा बदलणं, खोली बदलणं, हा सगळा खर्च पहिल्या दोन-तीन महिन्यांतला असतो. आरोपी त्याच मजल्यावर राहत असेल तर खोली बदलायला दहा वर्षं थांबता येत नाही. ठाण्यात डिपॉझिट काय पडतं हे तुम्हाला सांगायला नको.

आणि गुप्तता. पीडितेची ओळख उघड केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आधी भादंविचं २२८-अ होतं. मूल असेल तर पॉक्सोचं कलम २३. आम्हा बातमीदारांना हे पहिल्या दिवशी शिकवतात. पण लाभार्थ्यांची यादी जोडा, आधार जोडा, खातं जोडा, हे कागद किती टेबलांवरून फिरतात? सखी केंद्रांच्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक प्रकरणाला एक स्वतंत्र क्रमांक द्यायची सोय आहे. ही चांगली पद्धत आहे, सगळीकडे तीच हवी. त्या वहीत एका तारखेला फक्त एवढंच लिहिलेलं होतं, "मोठ्याने नाव विचारलं. रांगेत लोक होते." त्या दिवशी ती काम न करता परत आली होती. खाडा एक, भाडं जाऊन-येऊन. कार्यालय कुठलं ते लिहीत नाही, कारण तसं बोलणारा माणूस कुठल्याही खिडकीत सापडतो.

बरं, चांगला अहवाल कसा असतो हे सरकारला माहीत नाही असंही नाही. पॉक्सोचे २०२० चे नियम काढून बघा. मुलाला मदतीला जी सहायक व्यक्ती दिली जाते, तिच्याकडून बाल कल्याण समितीने खटला संपेपर्यंत दर महिन्याला अहवाल मागवायचा आहे. त्यात काय हवं? मुलाची तब्येत, मनाची अवस्था, घरची परिस्थिती, धक्क्यातून ते किती सावरतंय. शाळा पुन्हा सुरू व्हावी, तुटली असेल तर दुसरीकडे घालावं, हेही त्याच नियमात येतं. वाचताना वाटतं, हे लिहिणाऱ्याने कधीतरी अशा एखाद्या मुलाशेजारी बसून बोललेलं असणार. त्याच नियमांत आहे की अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी समिती लगेच मदत सुचवू शकते, आणि ती आठवड्याच्या आत द्यायची. विशेष कोर्टाने भरपाईचा आदेश दिला की तो मिळाल्यापासून तीस दिवसांत पैसे द्यायचे. तीस दिवस, असं स्पष्ट लिहिलंय.

म्हणजे मुदत आहे. मुदत पाळली का, हे विचारणारा नमुना हवा.

कोर्टांकडूनही हेच सुटतं. ४ नोव्हेंबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात लक्षात आणून दिलं की सत्र न्यायालयाने पीडितेच्या भरपाईबद्दल काही आदेशच दिला नव्हता. त्यानंतर कोर्टाने सांगितलं की शारीरिक इजेच्या प्रकरणांत, विशेषतः बायका आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचारात, सत्र न्यायालयांनी निकाल देताना भरपाईचाही आदेश द्यावा. त्याच वर्षी २० ऑगस्टला आपल्या जिल्ह्यात बदलापूरला लोक रुळांवर उतरले होते. लोकल बंद, कॅमेरे, लाठीमार, सगळ्यांनी पाहिलं. अशा वेळी फाशीची मागणी होते, शाळेवर कारवाईची मागणी होते, मंत्र्याच्या राजीनाम्याची होते. "मदतीचा हप्ता किती दिवसांत?" अशी घोषणा काही कोणी देत नाही. घोषणेला चालही बसायची नाही म्हणा.

तर मी माझ्यापुरतं एक काम केलंय. माहिती अधिकारात अर्ज टाकलाय, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. कोणाचंही नाव मागितलेलं नाही, फक्त आकडे. ठाणे जिल्ह्यात मनोधैर्यखाली गेल्या तीन वर्षांत गुन्हा नोंदल्यापासून मंजुरीपर्यंत सरासरी किती दिवस लागले. मंजुरीपासून खात्यात पैसे पडेपर्यंत किती. मंजूर होऊनही आज ज्यांना मिळालेले नाहीत अशी प्रकरणं किती, आणि कशामुळे : खातं नाही, कागद नाही, निधी नाही, की पत्ता बदलला. गेल्या तीन वर्षांची उपयोगिता प्रमाणपत्रं कोणत्या तारखांना गेली. हा शेवटचा प्रश्न मुद्दाम घातलाय. प्रमाणपत्राची तारीख एका बाजूला आणि खात्यातल्या पैशांची तारीख दुसऱ्या बाजूला ठेवून बघायची आहे.

माहिती देण्याची मुदत तीस दिवस. उत्तर आलं की जसंच्या तसं इथे टाकतो. "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही" असं आलं तर तेही टाकतो, आणि अपील करतो.

तोवर कोणाला गरज असेल तर लिहून ठेवा. मनोधैर्यसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, ठाणे जिल्हा न्यायालयाच्या आवारात. वकील करावा लागत नाही, फी नाही. कायदेशीर मदतीचा फोन १५१००. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. सखी केंद्रात पाच दिवसांपर्यंत राहायची सोय असते. कुठेही गेलात तरी दिलेल्या कागदाची पोच घ्या, आणि शंभर पानी वही ठेवा. तारीख, कोण भेटलं, काय म्हणाले.

आणि एक विनंती, खरं तर अट. शेअर करा, पण कमेंटमध्ये कुठल्याही केसचं, शाळेचं, इमारतीचं, गल्लीचं नाव लिहू नका. "ती आमच्या इथलीच का?" असंही विचारू नका. दिसलं की काढून टाकणार, ओळखीचा असलात तरी. काही सांगायचं असेल तर मेसेज करा, किंवा संध्याकाळी सातनंतर नाक्यावर असतोच.